डीडीटीचे विघटन

डीडीटी (डायक्लोरोडायफेनिलट्रायक्लोरोइथेन) हे माती, गाळ आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकणारे कीटकनाशक आहे. हे संयुग १८७४ मध्येच तयार झाले होते. त्याने कीटक मरतात हे पाउल म्युलर यांना १९३९ मध्ये आढळले व त्याबद्दल १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी टिकाऊपणा हाच या पावडरीचा मोठा गुण मानला जाई. मलेरियाच्या फवारणीत भिंतीच्या दर चौरस मीटरवर १ ग्रॅम डीडीटी बसते. पाणी सुकते, पांढुरके डाग उरतात आणि पुढचे कित्येक आठवडे त्या भिंतीवर टेकलेला डास मरतो.

शेतात मात्र हाच गुण अंगाशी आला. मातीतील डीडीटी निम्मे होण्यास साधारण २ ते १५ वर्षे लागतात. उष्ण प्रदेशांत ते लवकर घटते खरे, पण त्यातले बरेचसे नुसते उडून हवेबरोबर थंड प्रदेशांकडे जाते.

हवा खेळती असलेल्या मातीत या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड निघून डीडीई बनते. पाणथळ, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात एका क्लोरीनची जागा हायड्रोजन घेतो व डीडीडी बनते. येथे ‘विघटन’ हा शब्द फसवा आहे. डीडीई हे डीडीटीहूनही चिवट असते. बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली ती मुख्यतः त्यामुळेच. डीडीडी तर कीटकनाशक म्हणूनच विकले जाई. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटे मारण्यासाठी ते १९४९, १९५४ व १९५७ मध्ये ओतले गेले. पाण्यात प्रमाण होते १०० कोटी भागांत जेमतेम २० भाग. तेथे मेलेल्या ग्रीब पक्ष्यांच्या (आपल्या टिबुकलीचे नातलग) चरबीत ते १० लाख भागांत १,६०० भाग निघाले. पाण्यात जवळपास न विरघळणारे हे पदार्थ चरबीत साठतात आणि प्लवक, मासा, पक्षी अशा क्रमाने वाढत जातात.

भारतात शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. डासनियंत्रणासाठीचा वापर पुढेही चालू राहिला. त्यासाठीचे डीडीटी रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही तयार होत असे. मातीच्या नमुन्यात डीडीईच्या तुलनेत मूळ डीडीटी जास्त निघाले, तर फवारणी अलीकडची असावी असा तर्क करतात. डीडीई जास्त असल्यास साठा जुना समजतात.