नाताळच्या मुहूर्तावर खून

ऑगस्ट १८४२ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी साध्या वेशात तपास करणारी एक छोटी शाखा काढली. दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट, एवढाच तिचा फौजफाटा. त्यानंतर सोळा महिन्यांनी, १९ डिसेंबर १८४३ रोजी, त्याच शहरात चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ विक्रीला आलं. किंमत पाच शिलिंग, म्हणजे काही स्वस्त नव्हे. तरी सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत खपल्या.

हल्ली दर हिवाळ्यात इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत एक ठरावीक ढीग लागतो. मुखपृष्ठावर बर्फ, जुनी घोडागाडी, खिडकीत मेणबत्ती, आणि आत जुन्या काळातल्या नाताळात पडलेला एखादा खून. प्रेमाचा, शांतीचा सण आणि रक्तपात यांतल्या विरोधाभासाची वाचकाला गंमत वाटते, असं याचं कारण सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण विरोधाभास तर कुठल्याही सणात सापडेल. ईस्टरच्या खुनांचा असा ढीग लागत नाही. मला खरं कारण छापखान्यात दिसतं. आज आपण ज्याला नाताळ म्हणून ओळखतो तो सण आणि डिटेक्टिव्ह नावाचा माणूस, दोघं एकाच दशकात, एकाच शहरात आणि पुढे एकाच मासिकांच्या पानांवर वाढले.

त्याआधीचा इंग्लंडमधला नाताळ बराच डळमळीत होता. प्युरिटन पंथीयांच्या जोरावर पार्लमेंटने १६४७ मध्ये तो साजरा करण्यावरच बंदी घातली. १६६० मध्ये राजा परतला तेव्हा सणही परतला, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांतून तो फिका पडला होता. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं. मग १८४० मध्ये एका पेनीत कुठेही पत्र पाठवायची सोय झाली, १८४३ मध्ये पहिलं छापील नाताळ-भेटकार्ड निघालं, १८४७ च्या सुमारास कागदी ‘क्रॅकर’ आली, तिला फटाक्यासारखा आवाज मात्र पुढे मिळाला. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि मध्यमवर्गाने ते झाड घरी आणलं. या यादीतलं जवळजवळ सगळं कागदाचं आहे किंवा कागदावरून पसरलेलं आहे.

डिकन्सने १८५० मध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ हे साप्ताहिक काढलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने लंडनच्या डिटेक्टिव्ह पोलिसांना कार्यालयात गप्पांना बोलावून त्यांच्यावर कौतुकाने लेख लिहिले, आणि डिसेंबरात साप्ताहिकाचा पहिला नाताळ विशेषांक काढला. दोन्ही कुळांची गाठ बांधली गेली ती इथे, असं म्हणायला हरकत नाही. १८६१ मध्ये कागदावरचा कर गेल्यावर मासिकं स्वस्त झाली आणि नाताळ अंक हा वर्षातला सर्वांत मोठा धंदा झाला. लांबलेल्या रात्री, शेकोटीभोवती जमलेलं घर आणि एकाने मोठ्याने वाचायचं. त्यासाठी संपादकांना आधी भुतं हवी होती, कारण थंडीत भुतांच्या गोष्टी सांगायची रीत छापखान्याहूनही जुनी. हळूहळू भुतांच्या शेजारी चोर आणि खुनी येऊन बसले.

मराठी वाचकाला हे अजिबात परकं वाटू नये. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवूनच. पुढे गूढकथा-रहस्यकथांना वाहिलेले ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक आले आणि फराळासोबत खुनाचा तपास वाचायची सवय आपल्यालाही लागली. फरक एवढाच की आपल्या दिवाळी अंकातला खून दिवाळीतच पडायला हवा, असा हट्ट कुणी धरला नाही.

शेरलॉक होम्सचा जन्मही नाताळ अंकातलाच. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये आली. अंकाची किंमत एक शिलिंग. आर्थर कॉनन डॉयलला सगळ्या हक्कांसकट पंचवीस पौंड मिळाले, तेही कथा जवळपास वर्षभर रखडवून. त्या कथेत नाताळचा काही संबंध नाही. तो आला जानेवारी १८९२ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात, ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ब्लू कार्बंकल’ या कथेत, आणि मला विचाराल तर या सगळ्या परंपरेतली सर्वांत चांगली कथा आजही हीच.

तिचा सारा डोलारा एका गूसवर उभा आहे. नाताळच्या जेवणात तेव्हा लंडनच्या साध्या घरांत हा पक्षी असायचा, आणि एकदम पैसे मोजणं जमत नाही म्हणून गुत्त्यांत ‘गूस क्लब’ चालत. आपल्या भिशीसारखंच: दर आठवड्याला काही पेनी भरायच्या आणि डिसेंबरात एक पक्षी घरी न्यायचा. कथेतला हेन्री बेकर हा पडत्या काळातला गृहस्थ असाच मिळालेला गूस घेऊन रात्री घरी निघतो. रस्त्यात गुंड आडवे येतात, झटापटीत हॅट आणि पक्षी तिथेच टाकून तो पळतो, आणि पक्ष्याच्या पोटातून निघतो एका सरदारपत्नीचा चोरीला गेलेला निळा हिरा. मग होम्स गुत्त्यापासून कॉव्हेंट गार्डनच्या व्यापाऱ्यापर्यंत आणि तिथून पक्षी पाळणाऱ्या बाईपर्यंत हा पुरवठा उलटा चालत जातो. व्यापारी माहिती देईना, तर त्याला पैजेच्या नादी लावून ती काढून घेतो. शहर नाताळचं जेवण कुठून आणि कसं मिळवतं, हे तपासाच्या ओघात कळत जातं. (गूसच्या गळ्यात दाणे साठवायची पिशवी नसतेच, मग हिरा तिथे राहिला कसा, हा वाद होम्सचे चाहते अजून घालतात.) शेवटी होम्स चोराला पकडतो आणि सोडून देतो, क्षमेचा हंगाम आहे म्हणून. पुढच्या कित्येक लेखकांनी ही सवलत उसनी घेतली आहे. नाताळात घडलेल्या गुन्ह्याचा न्याय कायद्याबाहेर झाला तरी वाचक कुरकुरत नाही.

१९३० च्या दशकाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात आटोपतो. बर्फाने अडलेली माणसं, मोठं घर, श्रीमंत आणि खडूस म्हातारा, हा साचा तेव्हा घट्ट झाला. १९३८ च्या ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’मध्ये अगाथा ख्रिस्तीने त्यामागचं तर्कशास्त्र आपल्या पॉयरो या डिटेक्टिव्हच्या तोंडून सांगितलं: वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं सणासाठी एका छपराखाली येतात, गोड वागण्याचं सोंग घेतात, आणि त्या ताणातून काहीही होऊ शकतं. गणपतीला गावच्या घरी जमणाऱ्या भावकीला हे वेगळं समजावायला नको. पुस्तक तिने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, जेम्सना, अर्पण केलं. तिचे खून फार सोज्वळ होत चाललेत, एखादा चांगला रक्तबंबाळ खून हवा, अशी त्यांची तक्रार होती. लहानपणी तिने नाताळ घालवले ते याच जेम्सच्या घरच्यांकडे, चेशरमधल्या ॲबनी हॉलमध्ये.

भूतकाळात नेलेल्या रहस्यकथेची वाटही याच बाईने रुंद केली. १९४४ मध्ये आलेली तिची ‘डेथ कम्स ॲज द एंड’ इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांच्या इजिप्तमध्ये घडते. स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्ततज्ज्ञ मित्राने ती लिहून घेतली. पण या प्रकाराला स्वतःचा वाचकवर्ग मिळाला तो १९७७ नंतर, एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेलमुळे.

पीटर्सचं खरं नाव एडिथ पार्जेटर. श्रॉपशरमध्ये १९१३ साली जन्म, तरुणपणी काही वर्षं औषधांच्या दुकानात मदतनीस. तिचा कॅडफेल हा धर्मयुद्धात लढून आलेला वेल्श माणूस. उतारवयात श्रूझबरीच्या मठात वनस्पतींची बाग आणि औषधं सांभाळतो. १९८० च्या ‘मंक्स हूड’मध्ये डिसेंबर ११३८ चालू आहे. आपली जमीन मठाला देऊन त्याबदल्यात मरेपर्यंत जेवणखाण आणि निवारा घ्यायचा, असा करार केलेला एक जमीनदार मठाच्या स्वयंपाकघरातून आलेल्या पदार्थाने मरतो. विष आपल्याकडच्या वचनागाच्या जातीतलं, आणि ते निघालंय कॅडफेलनेच म्हाताऱ्या भिक्षूंचे सांधे चोळायला बनवलेल्या तेलातून. करारावर अजून मोहोर नाही, मग जमीन कुणाची? आणि इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या त्या जमिनीला कायदा कुणाचा? इथे झाड नाही, भेटकार्ड नाही, टर्की नाही (तो पक्षी इंग्लंडात सोळाव्या शतकात आला). आहेत त्या प्रार्थनांच्या वेळा, धान्याची कोठारं आणि थंडीत लवकर मरणारे गरीब.

१९८६ ची ‘द रेव्हन इन द फोरगेट’ त्याहून धारदार आहे. साल ११४१, देशात राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांचं यादवी युद्ध. वस्तीला नवा धर्मगुरू मिळतो, फादर एलनॉथ. विद्वान, निष्कलंक आणि दगडाच्या काळजाचा. स्वतःची प्रार्थना अर्ध्यावर सोडायची नाही म्हणून तो मरणाऱ्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला जात नाही, आणि बाप्तिस्मा झाला नाही म्हणून त्याला पवित्र जमिनीत पुरूही देत नाही. नाताळच्या सकाळी त्याचं प्रेत गिरणीच्या तळ्यात सापडतं, आणि खुनी मिळू नये असं अख्ख्या वस्तीला वाटत असतं. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचं पदच ११९४ मध्ये निर्माण झालं, म्हणजे तपासाला ना अहवाल ना पंचनामा. शेरीफचे लोक आणि एक वनस्पती जाणणारा भिक्षू, बस.

पीटर्सनंतर नाताळ आणि इतिहास यांची जोडी धंद्याच्या दृष्टीने पक्की झाली. १९९९ पासून ब्रिटनच्या गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठी वेगळा पुरस्कार ठेवला आणि त्याला तिचंच नाव दिलं. ॲन पेरीने २००३ च्या ‘अ ख्रिसमस जर्नी’पासून व्हिक्टोरियन काळातली छोटी नाताळ कादंबरी दरवर्षी द्यायचा शिरस्ता पाडला. मला या पुस्तकांत फार जीव दिसत नाही. तिथला नाताळ छापील भेटकार्डावरून उचललेला वाटतो, आणि एका अर्थी तो आहेच तसा: ज्या दशकांत हा सण छापखान्यात घडला, त्याच दशकांत लेखक परत जातो आणि आपल्याला अस्सल जुनं काहीतरी दाखवल्याचा आव आणतो. श्रूझबरीच्या मठात तो आव आणायची सोयच नव्हती.

दरम्यान १९३० चं दशकच इतिहासजमा झालं. ऱ्हिस बोवेनची २०१२ ची ‘द ट्वेल्व्ह क्लूज ऑफ ख्रिसमस’ १९३३ मध्ये घडते, म्हणजे अगाथा ख्रिस्तीचा वर्तमानकाळ आता वेशभूषेसकट उभा करावा लागतो. उलटही झालं. जे. जेफरसन फार्जन याची १९३७ ची ‘मिस्टरी इन व्हाइट’ ब्रिटिश लायब्ररीने २०१४ मध्ये पुन्हा छापली. बर्फात अडकलेल्या रेल्वेगाडीतले प्रवासी एका रिकाम्या घरात शिरतात, चूल पेटलेली, चहा मांडलेला आणि माणूस कुणी नाही. विसरलेल्या लेखकाचं हे पुस्तक त्या नाताळात अनपेक्षितपणे धो धो खपलं. लिहिताना ती आजची गोष्ट होती, आजचे वाचक तिला ऐतिहासिक म्हणूनच वाचतात.

हा साचा मुंबईलाही पोचला आहे, नाताळच्या आठवड्याच्या दुसऱ्या टोकाला. वसीम खान यांची २०२० ची ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री सुरू होते. मोठ्या घरात नववर्षाचा नृत्यसमारंभ चालू असताना एका इंग्रज मुत्सद्द्याचा खून होतो. प्रजासत्ताक व्हायला चार आठवडे उरलेत, आणि प्रकरण येतं पर्सिस वाडिया या पारशी महिला इन्स्पेक्टरकडे, जिला खात्याने अडगळीत टाकलेल्या चौकीत बसवलेलं आहे. पूर्वी पीटर्सच्या नावाने दिला जाणारा गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचा तो ऐतिहासिक कादंबरीचा पुरस्कार २०२१ मध्ये या पुस्तकाने घेतला.