बेस जास्त झालाय की खोली घुमतेय?

घरात सबवूफर (बेस, म्हणजे खालचे जड सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) आला की काही दिवसांतच ठरलेली तक्रार सुरू होते, "बेस फार होतोय." सल्लाही ठरलेलाच, "मागचा नॉब कमी कर." नॉब कमी केल्यावर गाणं मिळमिळीत होतं, पण डोक्यात बसणारी ती एक घूं काही जात नाही. मग दोष वूफरच्या माथी मारून तो अर्ध्या किमतीत विकला जातो. बेस जास्त असणं आणि बेस घुमणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत, हे लोक कधी लक्षात घेणार कोण जाणे.

पहिली भानगड सगळ्यांना कळते. वूफरची पातळी स्पीकरच्या वर गेली की खालचे सगळेच सूर सारखे जड वाटतात. नॉब थोडा खाली आणला की काम झालं.

घुमण्यात मात्र सगळे सूर जड नसतात, एखाद-दुसराच सूर फुगतो. ओळखायला तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे मनगट पुडीवर घासून सूर सरकवण्याचा आवाज, ऐका. सूर खालून वर सरकताना आवाज साधारण एकसारखा राहत असेल, तर खोली ठीक आहे. मध्येच एका जागी भस्सकन मोठा होऊन पुन्हा दबत असेल, तर खोली घुमतेय. आता उठून दोन-तीन पावलं सरका. घुमणं कमी-जास्त झालं, तर वूफर निर्दोष आहे.

याचं कारण भिंतींमधल्या अंतरात आहे. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्याची अर्धी लहर बरोबर मावते, तो सूर तिथे अडकून फुगतो. हिशेब सोपा आहे: 565 ला फुटांतल्या अंतराने भागा. 12 फुटांना 47 हर्ट्झ (सेकंदाला 47 कंपनं), 10 फुटांना 56. आता आपली 10 बाय 10 ची बेडरूम घ्या, वर छतही दहा फुटांच्या आसपास. तिन्ही दिशांचं फुगणं एकाच सुरावर येऊन बसतं! त्यात विटांच्या, काँक्रीटच्या भिंती आणि खाली टाइल्स. लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड ठोकलेल्या अमेरिकी घरांच्या भिंती थोडा बेस गिळतात, आपल्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात. त्यामुळे तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

हा फुगवटा भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. आपण काय करतो, तर वूफर टीव्ही युनिटशेजारच्या कोपऱ्यात कोंबतो आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटवतो. दोन्ही जागा सर्वांत वाईट.

नॉब इथे का चालत नाही, तेही त्यातच आलं. नॉब फुगलेला सूर आणि बाकीचे सूर सारख्याच मापाने खाली आणतो, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरने कोणत्या सुरापर्यंत वाजायचं ती सीमा, 50-60 हर्ट्झवर ओढणारे तर आणखी गोंधळ घालतात. 12 फुटी खोलीतला 47 चा फुगवटा राहतोच, वर स्पीकर आणि वूफर यांच्यामध्ये खड्डा पडतो.

उपाय सरकवण्यात आहे. वूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि स्वतः भिंतींच्या कडेने रांगत ऐका. जिथे बेस सर्वांत सारखा ऐकू येईल, तिथे वूफर ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. सोफाही भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे घ्या. एवढं करूनही उरलं, तर इक्वलायझरने (वेगवेगळे सूर सुटे कमी-जास्त करणारी सोय) तो एक सूर कापा. मात्र जो सूर ऐकूच येत नाही, तो वाढवायला जाऊ नका: 10 डेसिबलसाठी दहापट ताकद लागते आणि खड्डा तरीही भरत नाही.

भिंतीवर दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून बेस आवरणाऱ्यांना एवढंच सांगतो की 50 हर्ट्झची लहर बावीस फुटांहून लांब असते, दोन इंचांना ती जुमानत नाही. वूफरखालचं रबर खालच्या मजल्यावरच्यांसाठी आणि खडखडणाऱ्या काचांसाठी चांगलं, घुमण्याशी त्याचा संबंध नाही. फेजचा स्विच (वूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ बसवणारा) दोन्हीकडे फिरवून पाहा, जिकडे बेस भरीव वाटेल तिकडे ठेवा.

गाणं बंद असतानाही घूं येत असेल, तर ते अर्थिंगचं किंवा वायरचं काम. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, मग केबल टीव्हीची वायर काढून पाहा. ती काढल्यावर थांबलं, तर तिथे आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा भाग, बसवा. अर्थिंगची पिन कापायला सांगणारा मेकॅनिक मात्र दारातूनच परत पाठवा. घूं जाईल, पण आत कधी बिघाड झाला तर अँप्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरेल.