पाऊस किती पडतो यापेक्षा किती महिने पडत नाही

दरवर्षी जुलै महिन्यात महाबळेश्वरने पावसात चेरापुंजीला मागे टाकल्याची बातमी कुठे ना कुठे छापून येते आणि तिच्याबरोबर एक समजूतही पक्की होत जाते, ती अशी की जेथे पाऊस अधिक तेथे जंगल अधिक घनदाट आणि अधिक समृद्ध. वाई आणि महाबळेश्वर यांची तुलना केली तर ही समजूत खरी वाटते. वाईला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला सुमारे ६०००, आणि दोन्हीकडच्या झाडीतला फरक घाट चढताना कोणालाही दिसतो. मात्र त्याच सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेला गेले की हिशेब चुकू लागतो. तिरुवनंतपुरम शहरात वर्षाला साधारण १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या अगस्त्यमलैच्या डोंगरांत त्याहून बराच अधिक पडत असला, तरी महाबळेश्वरएवढा क्वचितच. असे असूनही तेथील सदाहरित वनांत तीस-तीस मीटर उंचीची झाडे आहेत आणि वृक्षांच्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच प्रदेशात आढळणाऱ्या, जातींची संख्या महाराष्ट्राच्या मानाने कितीतरी मोठी आहे, तर महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी, जांभूळ आणि पिसा या मोजक्या जातींचे ठेंगणे जंगल दिसते.

या कोड्याचे उत्तर पावसाच्या बेरजेत नसून पावसाळ्याच्या लांबीत आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसेन यांनी कोरड्या महिन्याची एक सोपी कसोटी सुचवली होती: महिन्याच्या पावसाचा मिलिमीटरमधील आकडा त्या महिन्याच्या सरासरी तापमानाच्या दुपटीहून कमी असेल, तर तो महिना कोरडा धरावा. म्हणजे सरासरी २५ अंश सेल्सिअस असलेल्या महिन्यात ५० मिलिमीटरही पाऊस झाला नाही, तर झाडाच्या दृष्टीने तो दुष्काळाचा महिना. ही कसोटी लावली की महाबळेश्वरला वर्षातले सहा-सात महिने कोरडे ठरतात आणि तिरुवनंतपुरमला जेमतेम तीन. केरळात एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी नेमाने येतात, १ जूनच्या सुमारास मोसमी पाऊस पोहोचतो आणि तो संपतो न संपतो तोच ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस सुरू होतो. आपल्याकडे मात्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आभाळ फाटते आणि मग पुढच्या जूनपर्यंत जवळपास काहीच नाही. जुलैत पडलेल्या अतिरिक्त पावसापैकी बहुतेक पाणी काही तासांत कृष्णा-कोयनेला मिळालेले असते. मार्चमध्ये तहानलेल्या झाडाला त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

पाण्यावाचून झाडाचे नेमके काय बिघडते, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो आणि म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी खेचणारा पंप सुमारे दहा मीटरपलीकडे पाणी चढवू शकत नाही, हे शाळेत शिकलेले असते. मग तीस मीटरच्या झाडाच्या शेंड्यावर पाणी पोहोचते कसे? डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेले उत्तर आजही मान्य आहे. पानांच्या पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडते, तेव्हा पानाच्या पेशींमधील पाण्याचे सूक्ष्म पृष्ठभाग आत ओढले जातात आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ती ओढ जलवाहिन्यांतून थेट मुळापर्यंत पोहोचते. पाणी खालून ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. जलवाहिनीतला पाण्याचा स्तंभ त्यामुळे ताणलेल्या दोरासारखा असतो आणि त्यातील दाब शून्याच्याही खाली गेलेला असतो. वातावरणाचा दाब सुमारे ०.१ मेगापास्कल असतो. भर दुपारी झाडाच्या शेंड्यातील दाब उणे एक-दोन मेगापास्कलपर्यंत सहज उतरतो. ऋण दाबातले पाणी ही अस्थिर अवस्था आहे. संधी मिळताच त्याची वाफ व्हायला ते टपलेले असते.

जमीन कोरडी पडू लागली की मातीच्या कणांना चिकटलेले पाणी सुटे करण्यासाठी झाडाला अधिक जोराने ओढावे लागते आणि ताण वाढत जातो. एका मर्यादेनंतर शेजारच्या, हवेने भरलेल्या वाहिनीतून दोन वाहिन्यांमधील पडद्याच्या अतिसूक्ष्म छिद्रावाटे हवेचा बुडबुडा आत खेचला जातो. क्षणार्धात तो पसरतो, स्तंभ तुटतो आणि ती वाहिनी निकामी होते. तिचा भार उरलेल्या वाहिन्यांवर पडतो, त्यांच्यातला ताण आणखी वाढतो आणि त्याही तुटू लागतात. ज्या दाबाला फांदीची निम्मी वहनक्षमता नष्ट होते, तो दाब मोजून वेगवेगळ्या जातींची तुलना करता येते. जगभरातील ८१ ठिकाणांच्या २२६ जातींचा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती या धोक्याच्या रेषेपासून एक मेगापास्कलहूनही कमी अंतरावर जगत असल्याचे त्यात आढळले, आणि यात कोरड्या प्रदेशातल्या जातींप्रमाणेच ओल्या प्रदेशातल्या जातीही होत्या.

स्तंभ तुटताना सूक्ष्म आवाज होतो. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये चक्क एरंडाच्या देठांवर प्रयोग करून ही कंपने टिपली होती. २०२३ मध्ये टोमॅटो आणि तंबाखूच्या पाणी न दिलेल्या रोपांचे मानवी कानाला न ऐकू येणारे असे आवाज काही अंतरावरून ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ‘झाडे वेदनेने किंचाळतात’ अशा मथळ्यांची रांग लागली आणि समाजमाध्यमांवर झाडांच्या आत्म्याची चर्चा रंगली. बुडबुडा फुटण्याला किंचाळी म्हणण्यात विज्ञान काहीच नाही.

आता या यंत्रणेच्या आधारे सह्याद्री पाहावा. साग पाणी संपण्याआधीच पाने झाडून ओढच थांबवतो. त्यामुळे त्याला रुंद जलवाहिन्या परवडतात, आणि रुंदी किती मोलाची हे सांगायचे तर वाहिनीची त्रिज्या दुप्पट केली की तेवढ्याच दाबाला सोळापट पाणी वाहते. अंजनीसारखे कठीण लाकडाचे, जाड पानांचे झाड मंद गतीने वाढते, पण कोरड्या महिन्यांतही पाने धरून राहते. कलेनियासारखे दक्षिणेकडचे उंच सदाहरित वृक्ष यांपैकी कोणताच मार्ग धरत नाहीत आणि म्हणून केरळ, तामिळनाडू व कर्नाटकाचा दक्षिण भाग ओलांडून वर येत नाहीत. बहुधा मोठ्या झाडापेक्षा रोपाच्या पातळीवर ही निवड अधिक कठोर असते, कारण रोपाची मुळे मातीच्या वरच्या थरातच असतात. पनामाच्या संयोगभूमीवर ४८ जातींची रोपे घेऊन केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या जातींची रोपे कोरड्या काळात अधिक मरतात, त्या जाती कोरड्या बाजूच्या जंगलांत विरळ असतात.

प्राण्यांची सीमा अनेकदा झाडांच्या सीमेमागून येते. सिंहपुच्छी वानराला वर्षभर काही ना काही फळ किंवा फूल लागते आणि इतर खाद्य कमी असलेल्या काळात कलेनियाची फुले-फळे त्याला तारतात. हा वानर आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी-होन्नावरच्या डोंगरांपर्यंतच आढळतो. तो पुढे का येत नाही याला जंगलतोड आणि शिकार ही कारणे आहेतच, सगळे हवामानावर ढकलणे बरोबर नाही. शेकरू मात्र बिया, साल आणि कोवळी पाने यांवरही भागवतो आणि भीमाशंकरच नव्हे, तर मेळघाटातही दिसतो.

नियमाचा पुरावा कधी कधी अपवादातच मिळतो. रानजायफळाची दलदल ही दक्षिणेकडची गोष्ट. मातीतून वर आलेली गुडघ्यासारखी श्वसनमुळे हे तिचे लक्षण. तरीही गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे अशा दलदली टिकून आहेत. तेथे आकाशातून पडणारा पाऊस आजूबाजूच्या गावांइतकाच आहे. फरक आहे तो बारमाही झऱ्याचा, जो मार्च-एप्रिलमध्येही मुळांना ताण येऊ देत नाही. देवाच्या वास्तव्यामुळे येथे पाणी आटत नाही, असे सांगणारे भेटतात. देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबली आणि झाडी राहिली, एवढे श्रेय मी त्या श्रद्धेला आनंदाने देईन. झरा मात्र भूगर्भात मुरलेल्या पाण्यावर चालतो आणि वरच्या उतारावर ते उपसले गेले तर कोपाची भीती त्याला वाचवू शकणार नाही. रानजायफळाचे बी वाळले की मरते, ते वर्षभर जमिनीत वाट पाहू शकत नाही. झरा लागोपाठ काही उन्हाळे आटला, तर जुनी झाडे उभी दिसत असतानाच तेथे नवी रोपे येणे थांबलेले असेल, आणि त्या वर्षी महाबळेश्वरच्या पावसाने कोणता विक्रम मोडला याचा त्याच्याशी काहीही संबंध नसेल.