योग आणि स्त्रियांचे हृदयारोग्य व मनःस्थिती

आसने, प्राणायाम व ध्यान यांच्या नियमित अभ्यासाचा स्त्रियांच्या हृदयावर आणि मनावर होणारा परिणाम. हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे पहिले कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे; नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते आणि त्याने हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की रक्तदाब व कोलेस्टेरॉल चढू लागतात. झोपमोड आणि चिडचिडही नेमकी याच वयातली. जबर मानसिक धक्क्याने हृदय तात्पुरते दुबळे करणारा ‘टाकोत्सुबो’ विकार तर मुख्यतः रजोनिवृत्त स्त्रियांनाच होतो.

योगाच्या परिणामाचा सर्वांत चांगला उलगडा श्वासातून होतो. एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास चालतात. ते सहाच्या आसपास आणले की रक्तदाब सांभाळणाऱ्या दाबग्राहींचा प्रतिसाद सुधारतो, हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा अंमल वाढतो आणि श्वासागणिक नाडीत होणारा चढउतार ठळक होतो. संथ मंत्रजपातही श्वास याच लयीत येतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. जप करणाऱ्या आज्ज्यांना त्यात नवल वाटणार नाही.

रक्तदाबातील घट मात्र माफक असते आणि ती औषधाची जागा घेत नाही. बहुतेक आसने हलक्या श्रमात मोडतात, म्हणून भरभर चालण्याचे कामही त्यांनी भागत नाही. मनःस्थितीबाबतचे निष्कर्ष अधिक आश्वासक असले, तरी अभ्यास लहान आहेत. शिवाय आपण योग करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊक असतेच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. मनाच्या अभ्यासांत बहुतांशी स्त्रिया असतात, हृदयाच्या अभ्यासांत पुरुष. भारतातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर ‘योग-केअर’ चाचणी झाली. योगगटाला आपली प्रकृती अधिक बरी वाटली, पण मृत्यू व पुन्हा झटका येणे यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. आणि या रुग्णांत स्त्रिया थोड्याच होत्या. त्यामुळे ‘स्त्रियांच्या हृदयाला योग लाभतो’ हे विधान आज बरेचसे अनुमानावर उभे आहे.

रक्तदाब आटोक्यात नसल्यास शीर्षासन व दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) टाळतात. स्त्रियांत झटका कधी नुसती धाप, मळमळ, जबड्यातील वा पाठीतील दुखणे अशा रूपात येतो. अशा वेळी प्राणायाम करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.