रेम्ब्रांटचे ‘भिकारी’ : एका वर्गवारीची पार्श्वभूमी

रेम्ब्रांट या 17 व्या शतकातल्या डच चित्रकाराची अनेक एचिंग प्रिंटे ‘भिकारी’ या नावाने ओळखली जातात. भिकाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय युरोपीय छपाईला त्याच्या आधीपासूनच होती. 1510 च्या सुमारास निघालेल्या एका जर्मन पुस्तिकेत सोंगाड्या भिकाऱ्यांचे 28 प्रकार मांडले होते. ॲमस्टरडॅमने तर 1596 पासून अशा पुरुषांना कोंडून रंग बनवण्यासाठी लाकूड किसायला बसवले.

जाक कालो या एचिंगकाराची भिकाऱ्यांवरची 25 प्रिंटांची मालिका 1622-23 च्या सुमाराची. एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवर लेप (ग्राउंड) देऊन त्यात सुईने रेघा ओढतात, आणि उघड्या पडलेल्या तांब्यात ॲसिड त्या कोरते. मेणाचा मऊ ग्राउंड दाट जाळीत टवके सोडतो आणि ॲसिड नको तिथे खाते. कालोने म्हणून वाद्यकारांचे कडक व्हार्निश घेतले. तिरप्या टोकाच्या सुईने रेघ हवी तिथे फुगवता आली. त्याची माणसे चिंध्यांतही डौलदार दिसतात ती यामुळे. रेम्ब्रांटने पोझ उचलल्या, रेघ नाही. लायडन या त्याच्या गावी त्याची सुई तुटक, खरडत चालते. 1630 चा बांधावर बसलेला भिकारी जेमतेम 12 बाय 7 सेंमी. हात पसरलेला, तोंड उघडे, आणि चेहरा खुद्द रेम्ब्रांटचा.

खरा घोळ नावांचा. प्लेटांवर फार तर सही आणि साल असते, शीर्षक नसते. ‘भिकारी’ हा स्वतंत्र वर्ग 18 व्या शतकातल्या फ्रेंच याद्यांनी पाडला, ‘गो’ (gueux) या फ्रेंच शब्दाखाली. हा शब्दच दुतोंडी: अर्थ भिकारी, पण भणंग आणि लुच्चाही. 1566 साली ब्रसेल्सला अर्ज घेऊन गेलेल्या नेदरलँड्सच्या सरदारांना याच शब्दाने हिणवले गेले आणि त्यांनी तो बिरुदासारखा मिरवला. 1797 च्या यादीने तर 1634 ची शेतकऱ्यांची जोडीही याच वर्गात टाकली. एक म्हणतो, ‘कडाक्याची थंडी आहे’. शेजारच्या प्लेटवरचा उत्तरतो, ‘हे काहीच नाही’. शब्द प्लेटवरच कोरलेले आहेत आणि भिकेचा त्यांत मागमूस नाही. मराठीत सरसकट ‘भिकारी’ लिहिताना आपण हीच चूक पुढे चालवतो. पुष्कळ ठिकाणी ‘फिरस्ता’ जास्त बरोबर बसेल.

रेम्ब्रांटला या माणसांबद्दल सहानुभूती होती की हा नुसता चित्रकलेचा सराव, हा वाद अजून मिटलेला नाही. 1648 च्या प्रिंटमध्ये मात्र पाठीवर मूल घेतलेली बाई, म्हातारा आणि पोरगा दाराशी उभे आहेत, आणि घरमालकाच्या हातातला पैसा थेट बाईच्या हातात पडतो. इथे सोंगाची शंकाच घेतलेली नाही.

हे तपासायचे तर सुरुवातीचाच, म्हणजे प्लेट झिजण्याआधी काढलेला छाप बघावा. रेम्ब्रांटच्या ऐंशीएक प्लेटा 18 व्या शतकात पॅरिसमध्ये होत्या आणि डागडुजी करून 20 व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापल्या जात होत्या. झिजलेल्या प्लेटवर बारीक रेघा आधी जातात, आणि चेहऱ्यावरचा भाव असतो तो त्या रेघांतच.