बाधित मेल: नाकारायचा, परतवायचा की गिळायचा?

मेलिसा (१९९९) आणि आयलव्हयू (२०००) हे मेलमधून पसरणारे व्हायरस खऱ्या माणसाच्या खऱ्या मेलबॉक्समधून निघत. त्यामुळे 'तुमच्या मशीनला लागण झाली आहे' असं पाठवणाऱ्याला कळवणं ही तेव्हा सभ्यता होती. नंतर आलेल्या क्लेझ या व्हायरसने ती निकालात काढली. सापडेल तो पत्ता उचलून तो प्रेषक म्हणून चिकटवायचा. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ आणि जानेवारी २००४ मध्ये मायडूम आला, तेव्हा हे इशारे भलत्यांच्याच डोक्यावर कोसळू लागले. इंदूरला रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर तेव्हा माझ्याकडे होता. 'आम्ही पाठवलाच नाही, तर व्हायरस कसला?' हे फोन सकाळच्या पोहे-जलेबीआधीच सुरू होत.

खरा गुंता फिल्टरच्या सेटिंगमधल्या 'रिजेक्ट' (नाकारा) या शब्दात आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरशी जोडणी चालू असतानाच ५५० किंवा ५५४ (नकाराचे कोड) म्हटलं, तर मेल आपण घेतलेलाच नसतो. पुढचं पाठवणारा सर्व्हर बघेल. समोर थेट व्हायरसच असेल, तर तो उत्तराकडे ढुंकूनही बघत नाही. पण अमाविस हा मेल तपासणारा फिल्टर बहुतेक ठिकाणी पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या रांगेनंतर बसवलेला असे. म्हणजे २५० (स्वीकारल्याचा कोड) सांगून मेल आधीच ताब्यात घेतलेला. आता फिल्टरने 'रिजेक्ट' म्हटलं, की पोस्टफिक्स स्वतःच बाउन्स (मेल पोचला नाही असं कळवणारा मेल) तयार करून त्या खोट्या प्रेषकाला धाडतो. नाव रिजेक्ट, काम बाउन्सचं! कित्येकांनी हे सेटिंग भल्या हेतूने ठेवलं होतं, मीही त्यातलाच. २००६ मध्ये पोस्टफिक्स २.३ ने मिल्टर (जोडणी चालू असतानाच मेल तपासणारे फिल्टर) स्वीकारले, तेव्हा कुठे जोडणीतच नाकारण्याची सोपी सोय झाली. तरीही मेल आपल्याच बॅकअप एमएक्सवरून (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेऊन ठेवणाऱ्या पर्यायी सर्व्हरवरून) आला, तर बाउन्स तोच काढतो.

उरला 'डिस्कार्ड', म्हणजे कोणालाही न कळवता मेल टाकून देणं. मेलची देवाणघेवाण ठरवणाऱ्या २००१ च्या एसएमटीपी मानकाप्रमाणे २५० म्हटल्यावर मेल पोचवणं किंवा न पोचल्याचं कळवणं ही आपली जबाबदारी. गुपचूप गिळणं हा अधर्मच. २००८ च्या सुधारित मानकाने मेल घातक असल्याची पक्की खात्री असेल तिथे सूट दिली. अमाविसचा मूळ कल डिस्कार्डकडेच, सोबत क्वारंटाइन, म्हणजे मेल वेगळा काढून ठेवणं. मला हेच पटतं. क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसचा मिल्टरही वेगळं सेटिंग न करता क्वारंटाइनच करतो. पोस्टफिक्समध्ये तो मेल होल्ड रांगेत जातो आणि कोणी बघेपर्यंत तिथेच पडून राहतो.

मात्र ती 'पक्की खात्री' सगळीकडे नसते. २००४ मध्ये बेगल हा व्हायरस पासवर्ड लावलेल्या झिपमधून फिरू लागला. अशी झिप उघडून तपासता येत नाही. क्लॅमएव्हीत कुलूपबंद फायलींनाच बाधित ठरवण्याचा पर्याय आहे, मुळात बंद असलेला. तो चालू करून डिस्कार्डही ठेवलं आणि क्वारंटाइन विसरलं, तर अकाउंटंटने पासवर्ड लावून पाठवलेली पगारपत्रकाची झिपही गडप होते, आणि ना त्याला पत्ता लागत, ना आपल्याला.