वासराला सरकी ढेप की सोयाबीन पेंड?

सरकी ढेपेची, म्हणजे कपाशीच्या बियांतून तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडेची, ओळख मराठवाड्यातल्या पशुपालकाला करून देण्याची गरज नाही. ढेप भिजवून म्हशीला घातली की दुधाला फॅट लागते, हे गोठ्यात वाढलेल्या लेकरालाही ठाऊक असते. माझी तक्रार त्यापुढच्या समजुतीबद्दल आहे. देवणी आणि लाल कंधारी या जातींच्या गाई पाळणाऱ्या कितीतरी गोठ्यांत मी ऐकत आलो आहे, ‘पेंड ती पेंड, वासरालाही तीच घाला.’

प्रथिनांचा फरक साधा आहे. टरफलासह गाळलेल्या सरकी ढेपेत ती साधारण २० ते २२ टक्के असतात, तर व्यापारी जिला डीओसी (तेल काढून घेतलेली पेंड) म्हणतात त्या सोयाबीन पेंडेत सुमारे ४५ टक्के. भाव करताना हा हिशेब धरावा, एवढेच.

खरा फरक वासराच्या पोटात आहे. सरकी फोडून गर उघडला की त्यात बारीक काळपट ठिपके दिसतात; गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य त्याच ग्रंथींत असते आणि तेल काढल्यानंतरही त्याचा काही भाग ढेपेत मुक्त स्वरूपात उरतो. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, ते प्रथिनांशी बांधले जाते, म्हणून म्हशीला बेताची ढेप सहसा बाधत नाही. लहान वासराचे कोठीपोट मात्र अजून कामाला लागलेले नसते. प्यायलेले दूध त्याला वळसा घालून थेट खऱ्या जठरात जाते, आणि खुराक व चारा खात खात ते पोट तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. तोवर मुक्त गॉसिपॉल रक्तात उतरते, साठत जाते आणि हृदय व यकृत बिघडवते. परिणाम काही आठवड्यांनी दिसत असल्यामुळे, खाणे सोडलेले आणि धाप लागलेले वासरू एके दिवशी दगावले तरी दोष ढेपेला दिला जात नाही. घाण्याच्या उष्णतेने विष जळते, हेही अर्धसत्य आहे: काही गॉसिपॉल बांधले जाते, पण त्यासोबत लायसिन हे वाढीला लागणारे अमिनो आम्लही अडकते.

सोयाबीनबाबत पथ्य एकच. कच्च्या दाण्याचा भरडा वासराला घालू नये, कारण त्यातले घटक प्रथिनांचे पचन रोखतात. कारखान्यात नीट भाजून निघालेल्या पेंडेत ही अडचण उरत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर चाटवायला मी मका भरडा ५० भाग, सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ असे मिश्रण पसंत करतो. सरकी ढेप चार महिन्यांनंतर थोडी चालते असे म्हणणारे आहेत. मी सहा महिने पूर्ण होईपर्यंत ती देत नाही, आणि आईचे भिजवलेल्या ढेपेचे घमेलेही वासराचे तोंड पोहोचणार नाही अशा अंतरावर ठेवतो.